तारखेचे शेजारी

जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षभर टेबलावर तसबिरी येत-जात असतात. कपाटातून काढायची, ओल्या फडक्यानं काच पुसायची, हार घालायचा, परिपाठाला दोन भाषणं, आणि दुपारच्या सुट्टीआधी तसबीर परत कपाटात. बहुतेक थोर पुरुषांना टेबल एकट्याला मिळतं. १ ऑगस्टला मात्र दोन तसबिरी शेजारी-शेजारी लागतात : डावीकडं लोकमान्य टिळक, उजवीकडं अण्णाभाऊ साठे. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. आणि योगायोगाची हद्द म्हणजे दोन्ही एकाच सालातल्या. १ ऑगस्ट १९२०, वार रविवार. त्या दिवशी मुंबईत टिळक गेले आणि वाटेगावात अण्णाभाऊ जन्मले.

शाळेत यातून पहिला प्रश्न उभा राहतो तो नारळाचा. जयंतीला नारळ फोडतात, पुण्यतिथीला फोडत नाहीत. टेबल एक, नारळ एक. मग काय करायचं? आमच्या हेडसरांनी काढलेला तोडगा असा, की नारळ अण्णाभाऊंच्या बाजूला सरकवून ठेवायचा आणि कार्यक्रम संपल्यावर फोडायचा. खोबरं सगळ्यांना मिळतं, टिळकांकडूनही हरकत येत नाही.

दुसरी गंमत सूत्रसंचालनाची. पाचवीतली पोरगी माईक नसताना माईकच्या आवाजात सांगते, "आज लोकमान्य टिळक यांची जयंती व अण्णाभाऊ साठे यांची पुण्यतिथी." मागं शिक्षक खाकरतात. पण अदलाबदल झाली तरी ती पोरगी फार लांब गेलेली नसते. टिळकांचा जन्म २३ जुलैचा आणि अण्णाभाऊ गेले १८ जुलैला, १९६९ साली. म्हणजे पंधरा दिवसांत दोन्ही तसबिरींना दोनदा बाहेर यावं लागतं. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात ते कपाट नीट लावण्याच्या भानगडीत आम्ही पडतच नाही.

मग भाषणं. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" इथपर्यंत सगळ्यांचं सारखं. पुढं टिळकांवर बोलणारा मुलगा शेंगांच्या टरफलांवर येतो. येणारच. ती गोष्ट नसेल तर पोरांना टिळक टिळक वाटत नाहीत. गुरुजींनी टरफलं उचलायला सांगितली, टिळक म्हणाले मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी उचलणार नाही. त्यानंतर 'संत' शब्द तीन तऱ्हांनी लिहिल्याची गोष्ट. तिथंही गुरुजींशी वाद. मग अण्णाभाऊंवर बोलणारी मुलगी उभी राहते आणि ठासून सांगते, की अण्णाभाऊ फक्त दीड दिवस शाळेत गेले. गुरुजींनी मारलं, पोरानं शाळा सोडली, ती कायमची.

मी दरवर्षी हे ऐकते आणि मनातल्या मनात हसते. वर्षभर आम्ही पोरांना सांगतो, गुरुजींना उलट बोलू नये, शाळा बुडवू नये. पटनोंदणी, उपस्थिती, गळती यांचे तक्ते भरभरून हात दुखतात. आणि १ ऑगस्टला त्याच शाळेच्या टेबलावर गुरुजींना उलट बोललेला एक आणि दीड दिवसात गळती झालेला एक, अशा दोघांना हार घालून पोरांना सांगतो, यांचा आदर्श घ्या. एकदा चौथीतल्या एकानं विचारलंच, "मॅडम, दीड दिवसात एवढं होतंय तर आम्ही रोज कशाला यायचं?" केंद्रप्रमुख समोर बसले होते. मी त्याला खोबऱ्याचा मोठा तुकडा दिला.

पण त्या रविवारबद्दल मात्र मला खरंच कुतूहल आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक मुक्कामाला होते, तिथंच त्यांनी डोळे मिटले. रात्रीत बातमी पसरली. दिवसभर पाऊस, आणि त्या पावसात लाखो माणसं रस्त्यावर. स्मशानात एवढी गर्दी मावणार नव्हती, म्हणून दहन गिरगाव चौपाटीवर झालं; आज तिथं त्यांचा पुतळा आहे. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. असहकाराची चळवळ सुरू करायला गांधीजींनी आधीच मुक्रर केलेला दिवसही नेमका हाच होता. त्याच तारखेचं पत्र व्हाइसरॉयला लिहून त्यांनी कैसर-ए-हिंदचं सुवर्णपदक आणि आफ्रिकेतल्या युद्धांत मिळालेली पदकं परत केली. एक पर्व संपलं त्याच दिवशी दुसरं सुरू झालं, असं इतिहासाच्या पुस्तकात नेहमी ओढूनताणून लिहितात. इथं ओढायची गरजच पडत नाही.

तिकडं वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, सांगली जिल्हा व्हायला अजून अवकाश होता. मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाई यांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं तुकाराम. (टिळकांचंही पाळण्यातलं नाव केशव. त्या टेबलावर कोणीच आपल्या पाळण्यातल्या नावानं बसलेलं नाही.) मुंबईतली बातमी वाटेगावापर्यंत किती दिवसांनी पोचली असेल? तार साताऱ्याला, कऱ्हाडला आली असेल. पुढं भर पावसात, चिखलातून, कोणाच्या तरी तोंडून. आणि मांगवाड्यापर्यंत ती आली असेल तर कोणत्या रूपात? ज्या घरात त्या दिवशी बाळंतीण होती, तिथल्यांना मुंबईत कोण गेलं याचं काय देणंघेणं असणार! पुढं तोच मुलगा दुष्काळात घरच्यांबरोबर चालत मुंबईला गेला. तीनशे किलोमीटरच्या वरची वाट. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला, गिरणीत खपला, डफावर थाप मारून त्यानं संयुक्त महाराष्ट्रासाठी मैदानं गाजवली, आणि रशियालाही जाऊन आला.

आता तारखेच्या पोटात शिरून बघू. टिळक गेले ती वेळ मध्यरात्र उलटून गेल्यावरची. बारा वाजून चाळीस मिनिटं, असं सांगतात. म्हणजे तासभर आधी असतं तर तारीख ३१ जुलै पडली असती. मग शेजारीच बदलले असते. ३१ जुलैला नाना शंकरशेट गेले, १८६५ साली. त्याच तारखेला १८८० मध्ये प्रेमचंद जन्मले, १९४० मध्ये उधमसिंग फासावर गेले आणि १९८० मध्ये महंमद रफी गेले. टिळकांच्या पुण्यतिथीला दिवसभर रेडिओवर रफीची गाणी लागली असती, आणि १ ऑगस्टचं टेबल अण्णाभाऊंना अख्खं मिळालं असतं.

यात मुंबईच्या घड्याळाचा आणखी एक खोडसाळपणा आहे. हिंदुस्थानची एकच प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली खरी, पण मुंबईकरांनी ती मनापासून घेतली नाही. शहराची स्वतःची 'मुंबई टाइम' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं चालायची, आणि ती थेट १९५५ पर्यंत चालली. तेव्हा बारा चाळीस कोणत्या घड्याळातले? रेल्वेच्या म्हणजे प्रमाणवेळेच्या घड्याळातले असतील, तर गावच्या घड्याळात तेव्हा बारा वाजून एक मिनिट झालं होतं. टिळक १ ऑगस्टला गेले ते मग अवघ्या एका मिनिटानं!

आणि पंचांग काढलं तर एवढंही उरत नाही. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो. मध्यरात्र उलटली म्हणून पंचांगातला वार बदलत नाही. पहाट होईपर्यंत कालचाच दिवस. त्या हिशेबानं टिळक शनिवारी गेले. वाटेगावातलं बाळ रविवारी उजाडल्यावर जन्मलं असेल, तर जुन्या मोजणीत हे दोन वेगवेगळे दिवस. शेजार जुळला तो इंग्रजी तारखेनं.

पंचांगाच्या भानगडीत टिळक स्वतः आयुष्यभर रमले होते, म्हणून हे सांगताना जरा जास्तच मजा येते. आकाशातली ग्रहस्थिती आणि पंचांगातलं गणित जुळत नाही, ते सुधारलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या नावाचं टिळक पंचांग आजही छापलं जातं. कोकणातल्या काही घरांत तेच मानतात. त्यातला अधिक महिना कधीकधी इतरांच्या पंचांगाशी जुळत नाही आणि मग त्या घरांतले गणपती महिनाभर आधी येऊन जातात. २०२३ मध्ये तसं झालं. सगळ्या महाराष्ट्रात सप्टेंबरात चतुर्थी, आणि या घरांत ऑगस्टमध्येच आरत्या. ज्या माणसानं गणपती चव्हाट्यावर आणून सगळ्यांना एका दिवशी एकत्र केलं, त्याच्याच पंचांगानं काही घरचे गणपती वेगळे पाडले.

याहून मासलेवाईक किस्सा १९ फेब्रुवारीचा आहे. गोपाळ कृष्ण गोखले गेले ते १९ फेब्रुवारी १९१५ ला. आज ती तारीख शिवजयंतीची. ढोल-ताशे, भगवे झेंडे, मोटरसायकलींच्या रांगा. त्यात गोखल्यांची पुण्यतिथी कोणाच्या लक्षात राहणार? पण १९१५ साली हा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा शिवजन्म वैशाख शुद्ध द्वितीयेचा, शके १५४९ चा मानत. गोखले अगदी मोकळ्या तारखेला गेले होते. मग जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची शिवकाळातल्या घटनांची जुनी तिथीवार नोंद, उजेडात आली. तीत शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी होती. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले आणि शेवटी सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. आता ही शकावली पहिल्यांदा छापून लोकांपुढं आणली कोणी? टिळकांनी, १९१६ साली. म्हणजे हयातभर मवाळ-जहाल म्हणून ज्यांच्याशी वाद घातला, त्या गोखल्यांच्या पुण्यतिथीवर टिळकांनी गोखले गेल्याच्या पुढच्याच वर्षी, स्वतःच्याही नकळत, शिवजयंती आणून बसवली. गोखले असते तर त्यांनी यावर एक सविस्तर अर्ज लिहिला असता.

तारखांवर एवढा जीव टाकताना आमच्याकडच्या १ जूनची आठवण ठेवावी लागते. आमच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडा. पिवळं पडलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी. जन्मतारखेच्या रकान्यात खाली खाली बघत जा : १ जून, १ जून, १ जून, मध्येच एखादी ४ मार्च, पुन्हा १ जून. आईबापाला तारीख ठाऊक नसायची. "थोरल्या पुराच्या आदल्या वर्षी झाला", "जोंधळा काढणीला आला होता" एवढं सांगता यायचं. गुरुजी पोराच्या तोंडाकडं बघून साल ठरवायचे आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून १ जून ठोकून द्यायचे. एका पिढीला गुरुजींनीच जन्माला घातलं. ही पिढी सरकारी नोकरीत लागली आणि ३१ मेला सगळी एकदम निवृत्त होऊ लागली, कारण एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटी सुटतो. त्या संध्याकाळी तालुक्यात शाल-श्रीफळं मिळत नाहीत. अशा प्रदेशात एखाद्याची जन्मतारीख १ ऑगस्ट असणं, निदान १ जून नसणं, हीसुद्धा एक मिरवायची गोष्ट आहे.

१ ऑगस्टवर तिसराही एक हक्क सांगतो : महसूल खातं. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं, म्हणून हा महसूल दिन. शाळेचं वर्ष जूनला, बँकेचं एप्रिलला, घरचं पाडव्याला, आणि जमिनीचं ऑगस्टला. तलाठ्यांचा (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गाव अजून तलाठीच म्हणतं) सत्कार होतो, आणि तहसीलचा ताफा दाखले वाटायला शाळेत येतो. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा. त्या दिवशी आमचं टेबल फारच गर्दीचं होतं. दोन तसबिरी, एक नारळ आणि शेजारी दाखल्यांचा गठ्ठा, त्यावर वारा लागू नये म्हणून ठेवलेला डस्टर.

मला हा तिसरा शेजारी या दोघांना फार नेमका भेटतो असं वाटतं. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या 'केसरी'नं शेतकऱ्यांना काय सांगितलं? तर सरकारचाच दुष्काळ-कायदा काय म्हणतो ते वाचा, पीक बुडालं असेल तर सूट हा तुमचा हक्क आहे, जनावरं-भांडी विकून सारा भरू नका. म्हणजे ज्या खात्याच्या वर्षारंभाला त्यांच्या तसबिरीला हार पडतो, त्या खात्याच्या वसुलीत त्यांनी एका वर्षी चांगलीच खोट घातली होती. आणि अण्णाभाऊंनी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांची तर सातबाऱ्यावर नोंदच नव्हती. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, जमीन कोणाची आणि पीक काय. ज्यांना जमीनच नाही त्यांना ना सात ना बारा. त्यांच्या नावाची सरकारी नोंद व्हायची ती दुसऱ्याच वहीत, इंग्रजांनी कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या हजेरीच्या. अण्णाभाऊंच्या कादंबरीतला फकिरा त्या हजेरीविरुद्धच उभा राहतो. तहसीलदार साहेबांच्या भाषणात यातलं काही येत नाही, ते ई-पीक पाहणीवर बोलतात. पण दाखले घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या बायांकडं मी बघते तेव्हा मला या तिघांचा शेजार उगाच वाटत नाही.

आता जग. मोबाइलवर सकाळी येणाऱ्या दिनविशेषात १ ऑगस्टची यादी लांबलचक असते. १७७४, प्रीस्टलीनं ऑक्सिजन वेगळा काढला. १८३४, ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्यानं संपली. १९१४, जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. १९३६, बर्लिन ऑलिम्पिकचं उद्घाटन. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन. यातली बहुतेक नावं आमच्या फळ्यावर येऊन शेजाऱ्यांशी एक शब्द न बोलता पुसली जातात, आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही. ऑक्सिजन तेवढा सातवीला विज्ञानात आहे म्हणून ठेवते.

एक ओळ मात्र मी कधीच गाळत नाही. १ ऑगस्ट १९४४, पोलंडच्या वॉर्सा शहरात नाझींविरुद्ध उठाव. तो ६३ दिवस चालला आणि चिरडला गेला. आजही दर १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता तिथं भोंगे वाजतात आणि रस्त्यावरची माणसं, गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. आमच्या पोरांना याचं काय? तर कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बाया आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं, नाटकं व्हायची. वॉर्सा लढत होतं तेव्हा त्या बाया पंचगंगेच्या खोऱ्यात, श्रावणातल्या पावसात, कान टवकारून बसलेल्या असणार. फाळणीनंतर तिथंच सिंधी निर्वासित आले, आणि त्या जागेचं झालं गांधीनगर. हे नाव घेतलं की वर्गातल्या सगळ्या पोरी मान वर करतात, कारण घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता गांधीनगरला बांधलेला असतो. "मॅडम, आमच्या आत्याचा शालू तिथलाच!" एवढ्या एका वाक्यात वॉर्सा आमच्या वर्गात येऊन बसतं. शालूमागून का होईना.

२०२० साली टिळकांच्या पुण्यतिथीची आणि अण्णाभाऊंच्या जन्माची, दोन्ही शताब्द्या एकाच दिवशी आल्या. केवढं टेबल मांडलं असतं! पण शाळा बंद. भाषणं व्हॉट्सअ‍ॅपवर आली. कोणी गोठ्यासमोर उभं राहून, कोणी देव्हाऱ्यापाशी, कोणाच्या 'सन्माननीय व्यासपीठ'मागं म्हैस हंबरते आहे. एका मुलाच्या घरी तसबीर नव्हती. त्यानं वहीच्या कागदावर दोघांची चित्रं काढून भिंतीला भातानं चिकटवली होती. टिळकांना पगडी होती म्हणून ते ओळखू आले. अण्णाभाऊंच्या हातात त्यानं डफ दिला होता. दोघांच्या मिशा मात्र एकाच मापाच्या, अगदी सख्ख्या भावांसारख्या. तो व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही.

२ ऑगस्टला फळ्यावर दादरा-नगर हवेली येते. १९५४ साली पोर्तुगिजांच्या ताब्यातून सिल्वासा सोडवलं त्याचा दिवस. त्या मोहिमेत मराठी स्वयंसेवक पुष्कळ होते, पण त्यावरचं भाषण कुठल्याच पोराला पाठ नसतं. कपाटात तसबीरही नाही. मी दोन वाक्यांत सांगून टाकते, सुविचार होतो, आणि त्या दिवशी परिपाठ वेळेत संपून पहिला तास गणिताचा पूर्ण मिळतो.